ट्रिप आला नाही, म्हणून चाचणी नको?

वार्षिक शटडाऊनचे वेळापत्रक आखले जाते तेव्हा उत्पादन विभागाला दिवस कमी करून हवे असतात. मग कामांच्या यादीला कात्री लागते आणि ती बहुतेक वेळा इंटरलॉकच्या चाचण्यांवर पहिली चालते. युक्तिवाद ठरलेला असतो : प्लांट उत्तम चाललाय, वर्षभरात एकही ट्रिप आलेला नाही, मग चाचणीत वेळ कशाला घालवायचा?

या युक्तिवादात मोठी गफलत आहे. कंट्रोल लूप अहोरात्र काम करतो. ट्रान्समीटर भरकटला, व्हॉल्व्ह अडकला, तर तासा-दोन तासांत ट्रेंडवर दिसते आणि पॅनेलवरचा माणूस इन्स्ट्रुमेंटवाल्याला हाक मारतो. शटडाऊन लूपला वर्षानुवर्षे काहीच करायचे नसते. त्याचा सोलेनॉइड चिकटला असेल, लेव्हल स्विच मेला असेल, तरी ट्रेंडची रेघ तशीच सरळ राहते. कळण्याचे मार्ग दोनच : आपण केलेली चाचणी किंवा प्रत्यक्ष संकट.

इंग्लंडमधल्या बन्सफील्ड तेलसाठ्यावर ११ डिसेंबर २००५च्या पहाटे दुसऱ्या मार्गाने कळले. ९१२ क्रमांकाच्या टाकीत आदल्या संध्याकाळपासून पेट्रोल भरले जात होते. पहाटे तीनच्या सुमारास पातळी दाखवणारा गेज अडकला. पेट्रोल चढत राहिले, पडद्यावरचा आकडा हलेना. उच्च पातळीचे इशारे त्याच गेजवर बेतलेले, त्यामुळे एकही वाजला नाही. या वेळेसाठीच टाकीच्या माथ्यावर एक स्वतंत्र लेव्हल स्विच होता. त्याने भोंगा वाजवून आवक बंद करायची होती. पण त्याच्या चाचणीच्या दांडीला कामाच्या स्थितीत धरून ठेवणारे कुलूपच लावलेले नव्हते. ते छेडछाड टाळण्यासाठी असते, असा समज होता. कुलपाविना दांडी खाली आली आणि स्विच निकामी झाला. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल बाहेर सांडले, त्याच्या वाफेचा ढग पसरला आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. रविवारची पहाट असल्याने कोणी दगावले नाही.

तपासात निघालेली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. तो गेज ऑगस्टअखेरीपासून १४ वेळा अडकला होता. म्हणजे नियंत्रणाचा थर डळमळीत आहे हे तिथल्या माणसांना दिसत होते. त्यामागचा सुरक्षेचा थर कधीच गळून पडलाय, हे मात्र कुणाला दिसत नव्हते.

चाचणी लांबवल्याने किती बिघडते, याचे साधे गणित आहे. एखाद्या ट्रिप लूपचा धोकादायक आणि स्वतःहून न कळणारा बिघाड वर्षाला ०.०१ या दराने होतो असे धरू. दरवर्षी संपूर्ण चाचणी केली, तर ऐनवेळी दगा देण्याची सरासरी शक्यता ०.००५, म्हणजे सिल-२च्या पट्ट्यात. तीच चाचणी तीन वर्षांवर नेली की ०.०१५. लूप सिल-१ला उतरला. यंत्रणा तीच, प्रमाणपत्रही तेच. बदलला तो फक्त चाचणीचा कालावधी.

चाचणीइतकेच नियंत्रण आणि सुरक्षा हे दोन थर एकमेकांपासून वेगळे असणेही महत्त्वाचे. एकाच कंपनीचे डीसीएस आणि सेफ्टी पीएलसी घेण्याला माझा विरोध नाही. आयईसी ६१५११च्या चौकटीत ते नीट बसवता येते. विरोध आहे तो फील्डवरच्या काटकसरीला. एकाच ट्रान्समीटरवरून कंट्रोलही आणि ट्रिपही. किंवा ट्रान्समीटर दोन, पण टॅपिंग एकच; इम्पल्स लाईन तुंबली की दोघेही एकसारखाच खोटा आकडा दाखवणार. किंवा कंट्रोल व्हॉल्व्हलाच सोलेनॉइड बसवून त्याच्याकडून शटडाऊनचे काम काढून घ्यायचे. अनेकदा तो व्हॉल्व्ह अडकला म्हणूनच पातळी चढलेली असते. मग ट्रिपचा हुकूम पाळणार कोण? पी अँड आयडीवर या लूपला स्वतंत्र टॅग मिळतो, हॅझॉपच्या तक्त्यात त्याचे श्रेयही धरले जाते आणि सगळ्यांचे समाधान होते. माझ्या मते हे श्रेय तक्त्यातून सरळ काढून टाकले पाहिजे.

चाचणीच्या नावाखाली काय चालते तेही बोलायला हवे. मार्शलिंग कॅबिनेटमध्ये मिलीअँपिअर सोडून लॉजिक तपासले की शेरा पडतो : ‘इंटरलॉक ओके’. त्यात लॉजिक सॉल्व्हर तपासला गेला, आणि तोच बहुधा लूपमधला सर्वात भरवशाचा भाग असतो. बिघाड सेन्सरमध्ये होतात, त्याहून जास्त व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला का, किती सेकंदांत झाला, बंद झाल्यावर पासिंग आहे का, हे नोंदल्याशिवाय चाचणी पुरी झाली असे मानू नये. आणि चाचणीनंतर प्रत्येक बायपास, प्रत्येक फोर्स काढला गेला, प्रत्येक दांडी जागेवर आली, हे चाचणी न करणाऱ्या दुसऱ्या माणसाने पाहून सही करावी.

यंदाच्या शटडाऊनच्या बैठकीला जाताना वाचकांनी दोन कागद बरोबर न्यावेत : मुदत उलटलेल्या ट्रिप चाचण्यांची यादी आणि आज चालू असलेल्या बायपासची यादी. चाचणी पुढे ढकलायचीच असेल, तर वाढणाऱ्या धोक्याचा आकडा त्याच कागदावर लिहावा आणि त्याखाली प्लांट प्रमुखांची सही मागावी.