टक्का ठरण्याआधी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसमध्ये हात सापडला की पुढचा सगळा हिशेब पेरांवर येतो. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के, दोन गेली तर ११, मुळापासून गेली तर १४. मधल्या बोटाचा भाव त्याहून कमी, अख्खं गेलं तरी १२. अंगठ्याचे ३०. हे दर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले. कमाईची क्षमता कायमची किती घटली, ते हा टक्का सांगतो.

एका टक्क्याची किंमत काढून पाहावी. कामगार पंचवीस वर्षांचा आहे आणि २०२० मध्ये ठरलेल्या कमाल मर्यादेनुसार त्याचा पगार १५,००० धरला आहे. त्याचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक २१६.९१, म्हणजे एका टक्क्याला साधारण १९,५०० रुपये. आता तर्जनीचं नुसतं टोक गेलं आणि हाड शाबूत राहिलं, तर परिशिष्टात ५ टक्के. हाडासकट पेर गेलं तर ९. मधला फरक ७८,००० रुपयांचा आणि तो ठरवतो एक एक्स-रे. हाच एक्स-रे बहुतेक घरांत गादीखाली दुमडून पडलेला असतो.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीतल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून सहा कामगारांचा जीव गेला, तेव्हा देशभर बातमी झाली. बोट तुटल्याची बातमी होत नाही. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या अवतीभवती सुट्या भागांची शेकडो शेड उभी राहिली. तिथे अशा जखमा नव्या नाहीत. त्यांची वासलात लागते ती वैद्यकीय तपासणीच्या खोलीत, पाच-दहा मिनिटांत.

त्या खोलीत कामगार रिकाम्या हाताने जातो, ही खरी अडचण आहे.

१९२३ च्या जुन्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने फुकट तपासणी देऊ केली तर कामगाराने तिला जायलाच हवं. नकार दिला किंवा अडथळा आणला तर भरपाईचा हक्क स्थगित. डॉक्टर मालकाने निवडलेला, फीही मालकाचीच. म्हणजे जायचं टाळून चालत नाही आणि डॉक्टरवर सगळं सोपवूनही भागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा हा कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा तिच्यात सामावले गेले. तरी टक्का डॉक्टरांच्या कागदावरच ठरतो, हे काही बदललेलं नाही.

ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आणि राज्य विमा भरलेला, त्यांची वाट वेगळी. त्यांचा टक्का कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि पैसे एकरकमी न येता साधारणपणे दरमहा येतात. पण विमा भरलेला असल्याचं कामगाराला कळतं कधी? वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगातल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. कित्येक जखमींच्या हातात विम्याचं कार्ड अपघात झाल्यावरच पडलं, असं त्यांत पुन्हा पुन्हा आढळतं. खरं तर ते नोकरी लागतानाच मिळायला हवं.

आणखी एक घोळ नेहमीचा. घाटी या सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणलं की काम झालं, असा समज असतो. ते प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं. त्यातला ४० टक्क्यांचा निकष सवलती आणि आरक्षणासाठी आहे. शरीर किती अधू झालं हे ते सांगतं. कमाई किती बुडाली हा वेगळा प्रश्न आहे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या वाहन अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नेमका मांडला: डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची कदाचित काहीच नाही. त्याआधी १९७५ मध्येच प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात कोपराच्या वर हात कापावा लागलेल्या सुताराची हानी न्यायालयाने शंभर टक्के धरली होती.

म्हणून डॉक्टरांना जखमेइतकंच कामही दिसलं पाहिजे. ‘हेल्पर’ हा शब्द कुचकामाचा आहे. एका शिफ्टमध्ये किती पीस काढायचे, पत्र्याचा ब्लँक कोणत्या चिमटीत धरायचा, व्हर्निअर कोणत्या हाताने लावायचा, हे एका कागदावर लिहून न्यावं. आता शर्टाचं बटण लागत नाही, थंडीत बोटाचं थोटूक ठणकतं, वॉशर उचलताना निसटतो, हेही तारखेनिशी टिपलेलं असावं. पहिल्या केसपेपरवर अपघात कसा झाला म्हणून लिहिलंय ते तपासावं. तिथे ‘घरी पडून’ असं असेल तर पुढे सगळं त्याच वाक्यावर अडतं. ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड आणि तारखांचे एक्स-रे क्रमाने लावावेत, झेरॉक्स द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत.

आणि ढोंग करू नये. पकडीची ताकद मोजणारं यंत्र तीन-चारदा दाबायला लावतात. मुद्दाम ढिला दाबलेला हात अनेकदा दर वेळी वेगळा आकडा दाखवतो आणि खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो. जुनी जखम असेल तर ती आपणहून सांगितलेली बरी.

हे सगळं प्रेसवरच्या पोरानेच शोधून काढायचं, हे मात्र पटण्यासारखं नाही. तपासणीच्या नोटिशीसोबत कोणते कागद आणायचे याची मराठी आणि हिंदी यादी देणं महामंडळाला अवघड नाही. कामाचं खरं वर्णन मालकाकडून लेखी मागवणंही अवघड नाही. निर्णयाबरोबर त्याची कारणंही कामगाराच्या हाती पडायला हवीत. वैद्यकीय मंडळाचा निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात जाता येतं. १९४८ च्या कायद्याखालच्या नियमांत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत होती. टक्का कशावरून ठरला हेच माहीत नसलेल्या कामगाराचे त्यातले दोन महिने तर वकील शोधण्यात आणि कागद मिळवण्यातच जातात.