कवळीचा आराखडा डॉक्टरनेच काढायला हवा

"लॅबने नीट केली नाही हो, परत पाठवून देतो." काढता-घालता येणारी अर्धी कवळी, म्हणजे पार्शल डेंचर, बसत नाही म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेकांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. पेशंट मान डोलावतो आणि पुढची तारीख घेऊन घरी येतो. लॅबमधला टेक्निशियन त्याने कधी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे दोष तिकडे ढकलणं सोपं जातं. मी स्वतः दंतवैद्य आहे, तरीही आज मला या वाक्याविरुद्धच लिहायचं आहे. लॅबकडूनही चुका होतात, हे खरं. पण आधी विचारायला हवं, लॅबला नेमकं काय बनवायला सांगितलं होतं?

डब्यातली चिठ्ठी

दंतवैद्य तुमच्या जबड्याचं माप घेतो. त्या मापात प्लॅस्टर ओतून साचा तयार होतो आणि त्या साच्यावर टेक्निशियन कवळी बनवतो. मापाबरोबर लॅबला एक चिठ्ठी जाते. अनेकदा तिच्यात एवढंच असतं: "खालची पार्शल, शेड ए-२, शुक्रवारपर्यंत." कोणत्या दातावर हूक घ्यायचा, कवळीचा भार कोणत्या दातांनी उचलायचा, दोन्ही बाजू जोडणारी पट्टी कुठून न्यायची, यातलं काहीच नसतं. म्हणजे हे सगळं टेक्निशियन ठरवतो.

ताप आलेल्या पेशंटच्या हाती "तापावर काहीतरी द्या" अशी चिठ्ठी देऊन डॉक्टरने त्याला मेडिकलमध्ये पाठवलं, तर तुम्ही काय म्हणाल? कवळीच्या बाबतीत मात्र आपण हे मुकाट्याने चालवून घेतो.

प्लॅस्टर काय सांगत नाही

टेक्निशियनला दाताचा आकार दिसतो, दाताची तब्येत दिसत नाही. एखादी दाढ किंचित हलते, एखाद्या दाताभोवतीचं हाड झिजलंय, एखाद्याची रूट कनाल झाली आहे आणि वर कॅप बसायची आहे, तुम्हाला मधुमेह आहे, रात्री दात खाण्याची सवय आहे, हे प्लॅस्टरवर उमटत नाही. साच्यावर भक्कम दिसणारी दाढ तोंडात सर्वांत कमजोर असू शकते. तिच्यावर हूक आला, की कवळी काढता-घालताना तिला रोज हिसका बसतो. मग काही महिन्यांनी कवळी ज्या दाताच्या आधारावर होती, तोच दात काढायची वेळ येऊ शकते. तुमचं खरं नुकसान हेच आहे. कवळी नवी करता येते, स्वतःचा दात पुन्हा येत नाही.

काही कामं तर टेक्निशियनला करताच येत नाहीत. धातूची, म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमची कवळी दातांवर छोट्या टेकूंनी टेकते. त्या टेकूसाठी दातावर साधारण एक ते दीड मिलिमीटर खोल खाच करावी लागते आणि ती अंतिम माप घेण्याआधी तोंडातच करावी लागते. खाच नसेल तर टेकू दातावर उंच राहतो आणि चावताना समोरचा दात त्यावर आदळतो. मग डॉक्टर टेकू घासतो, तो पातळ होतो आणि एक दिवस तुटतो. दोष कोणाला? अर्थातच लॅबला!

खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूने जाणाऱ्या पट्टीचंही तसंच. तिला हिरडीच्या कडेपासून खाली साधारण आठ मिलिमीटर जागा लागते. ती जागा जीभ उचललेली असताना तोंडात मोजायची असते.

मागच्या सगळ्या दाढा गेल्या असतील तर प्रश्न आणखी अवघड होतो. अशी कवळी पुढे दातांवर आणि मागे हिरडीवर टेकते. चावताना दात हाडात जेमतेम हलतो, हिरडी मात्र त्याच्या कितीतरी पट दबते. त्यामुळे कवळी मागे खचते आणि पुढच्या दाताला हुकाने ओढते. ही ओढ कमी कशी करायची, याचं उत्तर आराखड्यातच द्यावं लागतं.

"टेक्निशियनला आमच्यापेक्षा जास्त अनुभव आहे"

माझे व्यवसायबंधू असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. चांगल्या टेक्निशियनच्या हातात जे कौशल्य असतं, ते आमच्यात नसतं. म्हणून तर त्याच्याशी बोलायला हवं. आराखडा काढा, साच्यावर पेन्सिलीने खुणा करा, फोन करून विचारा, "हे धातूत उतरेल का? तुम्ही काय बदल सुचवाल?" सल्ला जरूर घ्या, पण निर्णय आणि जबाबदारी तुमचीच.

आपल्याकडच्या १९४८च्या दंतवैद्यक कायद्यानेही डेंटल मेकॅनिकची व्याख्या कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा अशीच केली होती. पेशंट तपासून उपचार ठरवणं त्याच्याकडे दिलेलं नव्हतं. युरोपात १९९३च्या वैद्यकीय उपकरणांच्या निर्देशात तर एका पेशंटसाठी बनणारं उपकरण डॉक्टरच्या लेखी सूचनेवरून आणि त्याच्या जबाबदारीवर बनावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. तरीही ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या लॅबमध्ये आलेल्या चिठ्ठ्या तपासल्या, तेव्हा अनेक अपुऱ्या निघाल्या. दुखणं फक्त आपल्याकडचं नाही, पण म्हणून ते चालवून घ्यायचं कारणही नाही.

"वेळ कुठे आहे?" हा दुसरा बचाव. आराखडा काढायला लागणारा वेळ कवळी दोनदा परत पाठवण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा नक्कीच कमी असतो.

टेक्निशियननाही एक सांगणं आहे. चिठ्ठी अपुरी असेल तर काम सुरू करू नका, फोन करा. "डॉक्टर चिडतील, काम दुसऱ्या लॅबला देतील" ही तुमची भीती मला कळते. ती भीती घालवण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची आहे.

तुम्ही काय विचाराल?

माप देण्याआधी हे प्रश्न विचारा. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

- हूक कोणत्या दातांवर येणार? ते दात मजबूत आहेत का? एक्स-रे पाहिला का?
- कवळी दातांवर टेकणार की नुसती हिरडीवर?
- दातांवर आधी खाच करावी लागेल का?
- लॅबला पाठवायचा आराखडा मला दाखवाल का?

नवी कवळी सुरुवातीला थोडी बोचते, एक-दोनदा घासून घ्यावी लागते. त्यावरून लगेच कोणाला दोष देऊ नका. आणि पैसे वाचवायला परस्पर लॅबमध्ये जाऊन दात बसवून घेऊ नका. तिथे तोंड तपासणारा डॉक्टरच नसतो.

पण कवळी वारंवार परत जात असेल आणि दरवेळी "लॅबची चूक" एवढंच ऐकू येत असेल, तर शांतपणे म्हणा, "डॉक्टर, लॅबला दिलेली चिठ्ठी बघू." ती चिठ्ठी बघण्याचा तुम्हाला अधिकार आहे, कारण ती कवळी तुमच्या तोंडात बसणार आहे.