विश्लेषण : पुरानंतर बिघडलेले पोट, उडालेली झोप, ‘प्रोबायोटिक्स’ किती उपयोगी?

पूर ओसरतो, घरातला गाळ उपसून होतो, पंचनामेही होतात. पोटाच्या तक्रारी आणि उडालेली झोप मात्र पुढे बराच काळ पाठ सोडत नाही. कोल्हापूर-सांगलीने २०१९ मध्ये आणि चिपळूणने २०२१ मध्ये महापूर अनुभवला. ‘पोट सुधारा, मन आपोआप सुधारेल’ असे सांगून प्रोबायोटिक्सची शिफारस केली जाते. पूरग्रस्त कुटुंबाने त्यावर पैसे खर्च करावेत का?

प्रोबायोटिक्स म्हणजे काय?

पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक्स. प्रत्येक प्रकाराचा (स्ट्रेन) परिणाम वेगळा असतो. घरच्या दह्यातही जिवाणू असतात, पण ते कोणते आणि किती, हे विरजणानुसार बदलते. त्यामुळे दही पौष्टिक असले तरी ते औषध नव्हे.

पोट आणि मनाचा संबंध काय?

आतडी आणि मेंदू यांच्यात मज्जातंतू, संप्रेरके आणि रोगप्रतिकारक यंत्रणेमार्फत सतत संदेशांची देवाणघेवाण सुरू असते. ताणामुळे पोट बिघडते आणि पोट बिघडले की चिंता वाढते. आपत्तीत दूषित पाणी आणि मानसिक धक्का एकाच वेळी वाट्याला येतात.

याचे उदाहरण कोणते?

मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन गावात मुसळधार पावसाने शेतातील शेणखताचे जंतू सार्वजनिक विहिरीत उतरले. सुमारे २,३०० जण आजारी पडले, सात जण दगावले. दोन-तीन वर्षांनंतर संशोधकांनी गावकऱ्यांची तपासणी केली. त्या वेळच्या आजारपणाची वैद्यकीय नोंद असलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के जणांना ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ (आयबीएस), म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा विकार होता. आजारी न पडलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते.

प्रोबायोटिक्सने फरक पडतो का?

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात आयबीएसच्या ४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा आठवडे एक विशिष्ट बिफिडोबॅक्टेरियम देण्यात आला. त्या २२ पैकी १४ जणांची नैराश्याची लक्षणे कमी झाली. दुसऱ्या गटात हा आकडा सात होता. चिंतेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. अभ्यास आशादायक असला तरी लहान होता आणि आपत्तीग्रस्तांवर झालेला नव्हता.

जुलाबांबाबत चित्र वेगळे आहे. अमेरिका आणि कॅनडात मिळून १,८०० हून अधिक लहान मुलांवर झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत तपासलेल्या प्रोबायोटिक्सचा जुलाब-उलट्यांवर ठोस फायदा दिसला नाही.

प्रत्यक्षातली अडचणही आहे. काही उत्पादने थंड ठेवावी लागतात. वीज नसलेल्या गावात त्यातील जिवाणू टिकतीलच असे नाही. मुदतीपूर्वी जन्मलेली बाळे, प्रतिकारशक्ती खूप कमी असलेले आणि अत्यवस्थ रुग्ण यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊच नयेत.

मग आधी काय करावे?

- पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करूनच प्या.
- जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाण्याचे प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा.
- मुलांना झिंकच्या गोळ्या डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने द्या. अंगावरचे दूध थांबवू नका.
- शौचातून रक्त, लघवी कमी होणे, सुस्ती दिसल्यास लगेच दवाखाना गाठा.
- झोप न लागणे, धास्ती, निराशा कायम राहिल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

पोटाच्या तक्रारी अनेक आठवडे टिकल्या, तर तपासणीनंतर डॉक्टर विशिष्ट प्रोबायोटिक सुचवू शकतात. तोपर्यंत पूरग्रस्त घरातला पैसा आधी शुद्ध पाणी, ओआरएस आणि पोटभर जेवणावर खर्च होणे गरजेचे आहे. मदतीचे किट भरणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा.