उशिरा झालेली नोंद

मे २०२४ मध्ये अमेरिकेतील बेसबॉलच्या अधिकृत विक्रमसूचीत जोश गिब्सन हे नाव अग्रस्थानी आले. फलंदाजीच्या दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके, अशी त्याची कारकिर्दीची सरासरी ठरली आणि टाय कॉब या विख्यात फलंदाजाची ३६७ ही सरासरी मागे पडली. गिब्सनच्या निधनाला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे लोटली होती.

गिब्सनचा जन्म १९११ साली जॉर्जिया राज्यात झाला. पुढे त्याचे वडील पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात मजुरी करू लागले व कुटुंब तेथे स्थायिक झाले. जोशचे शिक्षण अर्धवट राहिले. कोवळ्या वयातच त्याने काम धरले. १९३० मध्ये तो होमस्टेड ग्रेज या संघात दाखल झाला. त्याच वर्षी जुळ्या मुलांना जन्म देताना त्याची पत्नी मृत्यू पावली.

श्वेतवर्णीयांच्या प्रमुख संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. संघमालकांमधील समजूत पुरेशी होती. म्हणून १९२० पासून कृष्णवर्णीयांनी आपल्या स्वतंत्र स्पर्धा उभारल्या. त्या काळच्या शब्दानुसार त्यांना ‘निग्रो लीग’ म्हणत. वॉशिंग्टनच्या श्वेतवर्णीय संघाचा मालक आपले मैदान ग्रेज संघाला भाड्याने देई. त्याला भाडे चालत असे. खेळाडू चालत नसत.

१९४३ मध्ये गिब्सन गंभीर आजारी पडला. तरीही त्या हंगामात त्याची सरासरी ४६६ होती! २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो निवर्तला. तीनच महिन्यांत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत कोसळली. गिब्सनच्या थडग्यावर मात्र नावाचा दगड बसण्यास १९७५ साल उजाडले.

नवी सूची काहींना मान्य नाही. निग्रो लीगचे हंगाम लहान असत, तेव्हा तेथील सरासरीची तुलना कशी करावी, असे ते विचारतात. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु हंगाम लहान का होते? लीगच्या सामन्यांवर पोट भरत नसल्याने हे संघ बसमधून गावोगाव हिंडत व स्थानिक संघांशी खेळत. शिवाय कॉबलाही आपल्या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय गोलंदाजाला तोंड द्यावे लागले नाही. कसोटी अपुरी म्हणायची, तर ती दोघांचीही म्हणावी लागेल.

१९६९ मध्ये प्रमुख लीग ठरविणाऱ्या समितीने सहा नावे निश्चित केली. त्यांत निग्रो लीग नव्हत्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना तो दर्जा देताना, आपण पूर्वीचे दुर्लक्ष दुरुस्त करीत आहोत, असे बेसबॉलच्या नियामकांनी सांगितले. ‘दुर्लक्ष’ हा शब्द फार सौम्य आहे. नजरचुकीने सुटलेल्या गोष्टीला दुर्लक्ष म्हणतात. येथे तर माणसे जाणूनबुजून दूर ठेवली गेली होती.

गिब्सनला १९७२ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. तेथील फलकावर त्याच्या जवळजवळ ८०० ‘होमरन’चा उल्लेख आहे. अधिकृत सूचीत मात्र त्यांची संख्या दोनशेही भरत नाही, कारण तीत केवळ लीगचे सामने धरले आहेत. उरलेले फटके त्याने लहान गावांच्या मैदानांवर मारले, आणि तेथे गुणलेखक हजर असेच असे नाही.