पहिल्याच वर्षी विचारा

फजरची नमाज झाली की भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर धावणारी मुले दिसू लागतात. कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी लष्करात जवान होण्यासाठी. मैदान, छाती, उंची हे सारे आपल्या घरांत तोंडपाठ असते. पण कॉलेज शिकता शिकता लष्करात अधिकारी होण्याची तयारी करता येते, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते.

गेल्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी बीएचा निकाल घेऊन घरी आला. पळण्यात तरबेज, इंग्रजीही बरे. "सर, अधिकारी व्हायचं तर काय करावं?" आम्ही विचारले, "कॉलेजात एनसीसी घेतली होतीस?" तो गप्प झाला. पहिल्या वर्षी तो नाव द्यायला निघाला, तेव्हा घरच्यांनीच अडवले होते. अब्बा म्हणाले, "परेडनं पोट भरतं का?" दादी म्हणाली, "आपल्या पोरांना कुठं साहेब करतात?"

दोष एकट्या घरच्यांचा नाही. आम्ही त्याला दहावीपर्यंत शिकवले, पण हा रस्ता कधी सांगितला नाही. म्हणून आज सांगतो.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एनसीसीत नाव घातले, तर तिसऱ्या वर्षापर्यंत 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. त्यात किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्याला लेखी परीक्षा नसते. अर्जांच्या छाननीतून निवडलेल्यांना थेट एसएसबीची मुलाखत असते. ती पाच दिवस चालते. गटात कसे वागता, अडचणीत काय सुचते, बोलता तसे वागता का, हे तिथे पाहतात.

एनसीसी नसेल तर सीडीएस परीक्षा आहे. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलेही बसू शकतात. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढेच पेपर असतात, गणित नसते. या अकादमीचे दार मुलींनाही उघडे आहे. महागड्या क्लासची ऐपत नसेल, तर नाशिक रोडला राज्य सरकारचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीला बोलावणे आलेल्या पात्र उमेदवारांची तयारी तिथे करून घेतात. राहणे, जेवण, शिकवणे सारे मोफत. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

राहिला दादीचा प्रश्न. आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो. म्हटले, दादी, समोर राजगड आहे. शिवरायांच्या पायदळाचा सुरुवातीचा सरनोबत नूर बेग होता. मग कॅप्टन हनीफुद्दीन यांची हकीकत सांगितली. दिल्लीच्या शिवाजी कॉलेजातून पदवी घेतलेला हा तरुण १९९७ साली अधिकारी झाला, राजपुताना रायफल्समध्ये गेला. ६ जून १९९९ रोजी कारगिलच्या लढाईत तुर्तुक भागात शहीद झाला. वय अवघे चोवीस. सरकारने मरणोत्तर वीरचक्र दिले. दादी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "त्याच्या अम्मीचं काय झालं असेल?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वर्दीमागे पगार आणि मान आहे, तशी ही धास्तीही आहे. ती लपवून मुलांना पाठवू नये. आणि हेही सांगावे, की एसएसबीतून परत येणारे खूप असतात. पण परत आलेल्याच्या हाती पदवी राहते, तीन वर्षांची शिस्त राहते. ती कुठेही कामी येते.

आमचा विद्यार्थी आता सीडीएसची तयारी करतो आहे. वय हाताशी आहे, म्हणून आशा आहे. त्याची धाकटी बहीण यंदा कॉलेजात गेली. प्रवेशाच्याच आठवड्यात तिने एनसीसीच्या यादीत नाव दिले. पालकांच्या संमतीची सही अब्बांनी केली. मागच्या वेळी सही न करणारे तेच अब्बा!

वाचकहो, तुमच्या घरात कुणी बारावीत असेल, तर निकालाची वाट पाहू नका. कॉलेज निवडताना एकच प्रश्न जास्तीचा विचारा: तिथे एनसीसी आहे का?