खुल्या पत्रापासून हॅशटॅगपर्यंत

महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्याच्या प्रती हातोहात फिरल्या, शहरोशहरी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर निदर्शनांच्या हाका फेसबुकवरून गेल्या; कायद्यात दुरुस्ती चारेक महिन्यांतच झाली. हे श्रेय एकट्या इंटरनेटचे नव्हे. आधीच्या चळवळीने मागण्यांचा मसुदा तयार ठेवला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

वेगाबरोबर जोखीमही आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बाळ ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबईतील बंदवरच्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली. त्यातल्या एकीने तो फक्त ‘लाइक’ केला होता. अटकेसाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. ट्रोलांची शिवीगाळ मात्र थांबली नाही. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून केलेल्या ट्वीटपैकी सुमारे सातातले एक आक्षेपार्ह होते, असे ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेने नोंदवले.

शिवाय हा वेग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. उदाहरणार्थ, ग्वाल्हेरमध्ये फूलबागेत, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीच्या परिसरात, धरण्याला जमण्याचा निरोप व्हॉट्सॲपवर मिनिटात पोचू शकतो. पण फोन आणि इंटरनेट असलेल्यांनाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनीच.