यीस्ट साखर नेमकी कुठे खर्च करते? ‘जड’ कार्बन देतो हिशेब

बीडचे ऊसतोड कामगार तोडतात त्या उसाची मळी डिस्टिलरीत जाते. तिथे यीस्ट ही बुरशी मळीतल्या साखरेचे इथेनॉल करते. १ ग्रॅम ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ०.५१ ग्रॅम. प्रत्यक्षात कमीच मिळते, कारण काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी आणि ग्लिसरॉलसाठी वापरते. पण किती आणि कोणत्या वाटेने?

ते शोधायला ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनच्या जागी कार्बन-१३ बसवतात. तो किरणोत्सारी नाही, फक्त थोडा जड असतो. साखर मुख्य वाटेने गेली तर तो इथेनॉलमध्ये सापडतो. पेन्टोज फॉस्फेटच्या आडवाटेने गेली, तर सुरुवातीलाच कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. मास स्पेक्ट्रोमीटर हा फरक पकडतो.

टाकीत साखर किती गेली, इथेनॉल किती निघाले, एवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. त्यातून गळती कळते, गळतीची जागा नाही. आणि ऊस पिकतो तो टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या जिल्ह्यात! अशी साखर महाग, यंत्र तर त्याहून महाग. एकेका कारखान्याला हे झेपणार नाही. पण औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह पुण्यातच, एनसीएलमध्ये आहे. मराठवाड्यातल्या कारखान्यांनी एकत्र येऊन, आपापले यीस्ट घेऊन आधी तिथला दरवाजा ठोठवावा.